जुन्या वळणाचं रंगीत फडताळ करायचंय: लाकूड, सांधे, रंग, नक्षी

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

परभणीत आमच्या घराचं काम संपत आलंय. बैठकीच्या खोलीत एक लाकडी फडताळ हवंय. निजामाच्या काळातल्या वाड्यात शोभलं असतं अशा वळणाचं. उंची 5 फूट, रुंदी 3 फूट, खोली 14 इंच. दोन दारं, वर महिरप, खाली एक ड्रॉवर. आणि बाहेरून सगळं हातानं रंगवलेलं.

दुकानांतून फिरले. जे मिळतं ते एमडीएफवर चिकटवलेली छपाई, नाहीतर एकाच ठशाचे हत्ती-घोडे. वाईट वाटलं. ज्या भागात अजिंठा आहे, पैठणी आहे, हिमरू आहे, तिथल्या माणसानं नक्षी उसनी का आणायची? लाकूड इथलं, नक्षी इथली आणि हातही इथलाच असावा असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गल्लीत एक वयस्कर सुतारकाका आहेत, ते करायला तयार आहेत. रंगकाम मी स्वतः करणार, चित्रकलेचा हात बरा आहे. विचारायचं ते एवढंच: लाकूड कोणतं घेऊ, खिळे-स्क्रू टाळून बांधता येईल का, आणि रंग जुन्या पद्धतीचे करावेत की सरळ डबा आणावा? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

वखारवाला

ताई, सागवानाशिवाय दुसरं बघू नका. आमच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडं सागाचं जंगल आहे, त्या लाकडाचं नाव मराठवाड्यात उगं झालेलं नाही. पण नवं घेण्यापेक्षा जुनं बघा म्हणतो मी. गावोगाव माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं उतरवायलेत. त्यातल्या तुळया, कड्या, चौकटी वखारीत येतात. ते लाकूड वाळून वाळून बसलेलं असतं, नव्यासारखं अंग टाकत नाही.

घेताना दोन गोष्टी. तुळईचं टोक अर्धा इंच कापून आतला रंग बघायचा, वरून सगळी लाकडं काळीच दिसतात. अन् रंध्याखाली घालायच्या आधी लोहचुंबक फिरवायचं. जुन्या तुळईत कुणी कधी पाळणा टांगला असंल त्याची कडी आत मोडलेली असते, रंध्याचं पातं जातं. पावती मात्र घ्या.

मोगरा_परभणी

वाचतेय. आमच्या गावात असं काही होतंय याचाच आनंद. फोटो टाकत राहा.

सालकुसू

आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांब लिहितो.

स्क्रू नकोत हा विचार उत्तम. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट साल-कुसूनं जोडा (साल म्हणजे खाच, कुसू म्हणजे त्यात बसणारी जीभ, खांदा म्हणजे जिभेच्या बुडाची पायरी) आणि बांबूच्या मेखा मारा. यात जुन्या सुतारांची एक युक्ती आहे. सालीतलं मेखेचं भोक आधी पाडायचं. कुसू आत घालून खूण करायची, बाहेर काढायचा आणि कुसूतलं भोक त्या खुणेपेक्षा दीड मिलिमीटर खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं. मग टोक निमुळती केलेली मेख ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि कुसूला आत ओढते. ठोकताना खांदा मिटताना डोळ्यांनी दिसतो, फट होती तिथे केसही जात नाही. शिकंजा काढला तरी सांधा तसाच राहतो. तुमच्या सुतारकाकांना हे सांगावं लागणार नाही.

आता महत्त्वाचं. दाराच्या चौकटीत बसणारी मधली फळी खाचेत मोकळी ठेवा. सरस नाही, फेव्हिकॉल नाही, मेख नाही. आपल्याकडची हवा टोकाची आहे. मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळतं आणि श्रावणात फुगतं. साग या बाबतीत गुणी, तरी ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत तो रुंदीत आडव्या कापाला (फळी वलयांना समांतर कापलेली) सुमारे 5.8 टक्के आणि उभ्या कापाला (वलयांना काटकोनात कापलेली) सुमारे 2.5 टक्के आकसतो. तुमची दारं प्रत्येकी दीड फुटाची, म्हणजे आतली फळी 13 इंचांच्या आसपास. लाकडातली ओल 5 टक्क्यांनी कमीजास्त झाली तर आडव्या कापाची फळी 3 मिलिमीटर हलेल, उभ्या कापाची त्याच्या निम्मी. उभ्या कापाची, सरळ रेषांची फळी निवडा. ती पक्की चिकटवली तर तडकणार ती फळीच, आणि तुमच्या चित्राच्या मधोमध तडकणार.

ड्रॉवरला डव्हटेल करा, म्हणजे पाखराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेला सांधा. तळाची फळी इथेही खाचेतच सरकवायची.

कमानवेस

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि जुने वाडे पाहत हिंडणं हा माझा नाद आहे. निजामाच्या काळातल्या मराठवाड्यातल्या घरांत स्वतंत्र उभं कपाट मला फारसं दिसलेलं नाही. गरजच नव्हती. दगड-मातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. सामान त्या भिंतीतच ठेवायचं. दिव्याला देवळी, भांड्यांना कोनाडा, ऐवजाला भिंतीत बसवलेलं फडताळ. बाहेर दिसायची फक्त चौकट आणि दारं. दाराला पुष्कळदा बिजागरीही नसायची. दाराच्याच लाकडातून वर आणि खाली खुंटी काढलेली, ती चौकटीच्या खळग्यात फिरायची. याशिवाय पेट्या, पेटारे, मांडण्या. पाय असलेलं कपाट इंग्रजी वळणानं आलं.

तेव्हा "त्या काळचं" म्हणायचं असेल तर 5 फुटांचं उभं कपाट खटकतं. फडताळाचं तोंड करा आणि ते भिंतीत बसवा.

वखारवाला

कमानवेस साहेब, आता नऊ इंची विटेच्या भिंतीत 14 इंच खोल फडताळ बसवलं तर ते शेजारच्या खोलीत निघंल की. शेजारच्या खोलीवाल्याला खाऊ आपोआप मिळंल.

कमानवेस

हा हा, बरोबर. मग असं करता येईल. उभंच करा, पण तोंड भिंतीतल्या फडताळासारखं ठेवा. सगळीकडून रुंद चौकट, आत खोल गेलेली दारं, खुंटीवर फिरणारी. कोरीव पाय आणि वरचा मुकुट टाळा. खाली साधं बैठं जोतं द्या. म्हणजे ते भिंतीतून पुढे आल्यासारखं दिसेल.

गोदाकाठ

कमानवेस, राग कसला! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजोळी सेलूला भिंतीतलं फडताळ होतं ते आठवलं, आत हात घातला की खांद्यापर्यंत जायचा. जोत्याची कल्पना पक्की. महिरप मात्र हवीच आहे, ती चौकटीच्या आतल्या बाजूला घेते.

सालकुसू सर, दीड मिलिमीटरचं सुतारकाकांना वाचून दाखवलं. ते नुसते हसले आणि म्हणाले, "तेवढंच." आता रंगाचं कुणीतरी बोला.

रंगपेटी

मी लातूरची. लाकडावर जुन्या पद्धतीनं रंगवते, त्यामुळे हा धागा पाहून बसवेना.

आधी वखारवाल्यांशी भांडते. चौकटीला साग ठीक, पण रंगवायच्या फळ्यांना साग नको. सागात तेल असतं, पाण्यातला रंग त्यावर धरत नाही, आणि आतला पिवळसर डाग पांढऱ्या अस्तरातून वर येतो. साग एवढा देखणा की तो झाकणं हाही त्याच्यावर अन्यायच. रंगवायच्या फळ्या शिवणीच्या घ्या. फिकट, हलकी, कमी हलणारी, पटाशीला मऊ. रंगकाम करणाऱ्यांनी असं लाकूड फार पूर्वीपासून हेरलंय. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात निर्मलची खेळणी होतात ती पोणिकी नावाच्या मऊ लाकडाची, आणि सावंतवाडीची पांगाऱ्याची. सागाची कोणी करत नाही.

अस्तर: चिंचोके भाजून टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि मंद आचेवर शिजवून खळ करायची. निर्मलमध्ये चिंचोक्याची लापशी आणि लाकडाचा भुसा मिळून लिंपण करतात, सावंतवाडीच्या गंजिफांनाही (हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना) चिंचोक्याचं अस्तर असतं. खळ झाली की नाही ते बोटावर कळतं. दोन बोटांत घेऊन उघडली की बारीक तार सुटली पाहिजे आणि बोटं कोरडी होताना एकमेकांना धरली पाहिजेत. तार जाड असेल तर पाणी घाला, जाड खळीचं अस्तर पापुद्रे सोडतं. यात बारीक वस्त्रगाळ खडू कालवायचा, साईच्या दाटपणाचा. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा हात. बोट फिरवल्यावर लाकडाचा रेषा न् रेषा हरवली की थांबायचं. किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद, पण ते विष आहे. त्याचं भांडं वेगळं ठेवा आणि मुलांपासून लांब.

रंग: साय काढलेल्या दुधाचं दही टांगून चक्का करा. पाच भाग चक्का, एक भाग विरवलेला चुना. घोटत राहिलं की बघता बघता चक्क्याचा पांढरा दाणेदारपणा जातो आणि ते चिकट, अर्धपारदर्शक होतं. हा तुमचा बांधा, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ. यात पाण्यात घोटलेली रंगद्रव्यं मिसळायची. त्या दिवसाचं त्या दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतं. पातळच लावा, जाड थर तडकतो. वाळला की पाण्यानं सहज निघत नाही.

निरीक्षक_बीड

रंगपेटी, तुमच्या कामाचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. हे सगळं घरात मुलं असताना कशासाठी? जुने रंग म्हणजे हरताळ, हिंगूळ, सफेदा. हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा, सफेद्यात शिसं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) अशी 2016 च्या नियमानं घातली आणि ती पुढच्या वर्षी लागू झाली. ते उगीच नाही. चांगल्या प्रतीचं अ‍ॅक्रिलिक आणा, वर मॅट वॉर्निश मारा. वीस पावलांवरून कुणाला फरक कळणार?

रंगपेटी

निरीक्षक, विषारी रंगांबद्दल शंभर टक्के सहमत. हरताळ, हिंगूळ, सफेदा घरात आणूच नयेत, "अस्सल" म्हणून कुणी दिले तरी. पण जुने रंग म्हणजे तेवढेच नव्हेत.

अजिंठ्याचंच पाहा. तिथला पसारा बहुतेक मातीचा. लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढऱ्याला चुना आणि पांढरी माती. दख्खनच्या काळ्या खडकातच हिरवी माती सापडते. बाहेरून आणलेला म्हणावा असा एक निळा, लाजवर्द दगडाचा. आणि ते ओल्या गिलाव्यावरचं काम नव्हे, कोरड्या पृष्ठभागावर डिंका-सरसासारख्या बांध्यानं केलेलं आहे. म्हणजे आपण लाकडाच्या अस्तरावर करतो त्याच्या जवळचंच.

निळ्यासाठी कपड्यांची भुकटीची नीळ वापरा. ती अल्ट्रामरीन असते, चुन्यात टिकते. बाटलीतली पातळ नीळ नको, ती उडते. कारखान्यातलं अल्ट्रामरीन फ्रान्समध्ये 1828 च्या सुमारास निघालं, त्यामुळे उत्तर-निजामी काळाला ते विसंगतही नाही. प्रशियन ब्लू मात्र चुन्याच्या बांध्यात मरतो.

आणि वीस पावलांवरून फरक कळणार नाही हे मान्य. पण फडताळ वीस पावलांवरून उघडत नाहीत. दार उघडताना नाक त्याच्यापासून हातभर असतं. तिथून अ‍ॅक्रिलिकची कातडी दिसते आणि दुधाच्या रंगाची माती दिसते.

निरीक्षक_बीड

शेवटचं वाक्य पटलं. आतल्या कप्प्यांना तरी रंग लावू नका, खायचे पदार्थ ठेवले जातात.

मोगरा_परभणी

लाडू ठेवणार असाल तर रंगाआधी कुलूप ठरवा.

उमरगेकर

वखारवाल्यांनी माळवदाचा विषय काढला म्हणून लिहितोय, थोडं अवांतर होईल.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमच्या भागातली माळवदं बसली. दगड-मातीच्या भिंती, वर हातभर मातीचं ओझं. माणसं त्याखाली गेली. पुढे पुनर्वसनाची घरं मिळाली, सिमेंटची, आखीव. आमच्या घरातून काढता आलं ते एक दार आणि त्याची चौकट. वडिलांनी ती नव्या घराच्या मागच्या खोलीला बसवली, मोजमाप जुळत नव्हतं तरी भिंत फोडून बसवली. चौकटीच्या वरच्या पट्टीवर कमळ आहे, त्याच्या पाकळ्यांत अजून गेरूचा रंग आहे. पाकळीच्या कडेला कुंचला टेकवून उचललेला, त्यामुळे टोकाला रंग दाट आणि देठाकडे विरळ. मी लहानपणी त्यावर बोट फिरवायचो.

ताई, तुम्ही जुनी तुळई घ्याल तेव्हा ती कोणत्या गावची ते वखारीत विचारा आणि फडताळाच्या मागच्या फळीवर लिहून ठेवा. एवढंच सांगायचं होतं.

गोदाकाठ

उमरगेकर, नक्की लिहीन. गावाचं नाव आणि सुतारकाकांचंही.

वखारवाला

उमरगेकर दादा, हे आम्हीच करायला पाहिजे. आमच्याकडं माल येतो तवा गाव माहीत असतं, पण कुणी विचारत नाही म्हणून सांगायचं राहतं. आता खडूनं टोकावर लिहीत जातो.

रंगपेटी ताई, शिवणीचं म्हणणं मान्य. चौकट माझ्या सागाची, फळ्या तुमच्या शिवणीच्या. भांडण मिटलं.

पैठणची_सून

नक्षीबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून मी. पैठणीच्या पदराकडे बघा ना. बांगडी मोर (बांगडीच्या गोलातला मोर), मुनिया (पोपट), असावली (फुलवेल), काठाला नारळी. हे सगळं विणकराच्या ताण्याबाण्यात बसवलेलं असल्यामुळे आधीच चौकटीत बसणारं आहे. दाराच्या दोन्ही फळ्यांवर समोरासमोर बांगडी मोर, चौकटीवर असावलीचा वेल, ड्रॉवरच्या पट्टीवर मुनियांची रांग. बांगडी मोराचा गोल आणि तुमची महिरप छान जुळेल.

कमानवेस

मोर उत्तमच. पण मला वाटतं अजिंठ्याला एवढ्या जवळून सोडून जाऊ नये. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर हंसांची माळ आहे, प्रत्येक हंस निराळा, एक मान वळवलेला, एक पंख झाडणारा. ड्रॉवरच्या लांबट पट्टीला त्याच्याइतकं काही शोभणार नाही.

पैठणची_सून

आत्ताच तुम्ही उभं कपाट त्या काळचं नाही म्हणालात! मग पाचव्या शतकातले हंस निजामाच्या फडताळावर कसे चालतात?

कमानवेस

पकडलंत. बांधणी काळाला धरून असावी असा माझा आग्रह आहे, कारण बांधणी त्या वेळच्या भिंती आणि हत्यारांतून येते. नक्षीचं तसं नसतं, नक्षी शतकं ओलांडत आलेली असते. कमळ अजिंठ्यात आहे, पैठणीत आहे आणि उमरगेकरांच्या दारावरही. पण मोर आणि हंस एकाच फडताळावर नकोत, दोघांची रेष वेगळी. अजिंठ्याची वळणदार, पैठणीची मागावरची, पायऱ्यापायऱ्यांची. एक निवडा.

आणि बिबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वाराच्या दारावर पितळी पत्र्याचं वेलबुट्टीचं काम आहे ते जाऊन बघा. वेल कोपऱ्यात कसा वळवायचा हे तिथे शिकायला मिळतं. कोपऱ्यात नक्षी तुटली की काम नवशिक्याचं दिसतं.

रंगपेटी

"एक निवडा" याला माझं अनुमोदन. काढायची पद्धत: आधी पातळ कागदावर अर्धी नक्षी काढा, कागद दुमडून सुईनं रेषेवर टोचत जा, उघडला की दुसरी बाजू आपोआप मिळते. कोळशाची भुकटी फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि टोचलेल्या कागदावर हलके थोपटा. ठिपके उमटतात, ते गेरूच्या पातळ रेषेनं जोडायचे आणि कोळसा कोरड्या कुंचल्यानं झटकायचा. आधी सपाट रंग, मग छटा, सगळ्यात शेवटी काजळीची बाह्यरेषा. ती रेषा एका श्वासात. हात टेकायला आडवी पट्टी ठेवा, तळहात रंगावर टेकवू नका.

वरून लाखेचे दोन पातळ हात. लाख लावली की मातीचे रंग एकदम गडद होतात, म्हणून एका तुकड्यावर आधी करून बघा. आणि गरम भांडं वर ठेवू देऊ नका, लाखेवर पांढरं वर्तुळ उमटतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. चौकट जुन्या सागाची, तिला फक्त जवसाच्या तेलाचा हात. फळ्या शिवणीच्या. साल-कुसू आणि बांबूच्या मेखा, दारं खुंटीवर, खाली जोतं. नक्षी पैठणीची: दारांवर बांगडी मोर, ड्रॉवरवर मुनिया. कमानवेस, हंस पुढच्या पेटीवर, शब्द देते. रंग गेरू, पिवळी माती, नीळ, काजळी, चुना. आत काहीच नाही.

आता एकच अडलंय. सुतारकाका म्हणतात सगळं जोडून देतो, मग रंगव. सर, तुमचं काय मत?

सालकुसू

जोडायच्या आधी रंगवा. फळी खाचेत मोकळी असल्यामुळे ती उन्हाळ्यात आकसते आणि खाचेत लपलेली कड बाहेर येते. जोडल्यावर रंगवलं तर पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या निळ्या रंगाच्या डाव्या-उजव्या कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसेल. म्हणून अस्तर आणि पार्श्वभूमीचा सपाट रंग फळीच्या कडेपर्यंत, खाचेत जाणाऱ्या भागावरही द्या. नक्षी चौकटीच्या आत दिसणाऱ्या भागापुरती. आणि फळीच्या मागच्या बाजूलाही अस्तराचा एक हात द्या, नाहीतर एकाच बाजूनं ओल खाऊन ती वाकते.

दुसरं, आता मे सुरू आहे. लाकूड वर्षातलं सगळ्यात बारीक झालेलं आहे. आत्ता जोडणार असाल तर खाचेत दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळी जागा सोडायला काकांना सांगा, श्रावणात लागेल. भिंतीपासून फडताळ बोटभर पुढे ठेवा. जोत्याखाली शहाबादी फरशीचे तुकडे द्या, वाळवी काळ्या मातीतून वर येते.

वखारवाला

ताई, सेलूच्या बाजूची एक तुळई परवाच आली, सात फुटाची, सरळ. टोक कापून ठेवलंय. काकांना घेऊन या, चुंबक मी देतो.